लाईट गेली तिथून पुढे

टांगा सरकी काढायच्या जिनाच्या फाटकासमोरून गेला तेव्हा जाईच्या हातात किडक्या कापसाची कवडी होती, आणि ती तिने कचऱ्यात टाकायची सोडून चांगल्या कापसाच्या ढिगात टाकली. टांग्याच्या दोन्ही बाजूंना तट्टे बांधलेले, तट्ट्यांवर चित्रं चिकटवलेली, पुढे ताशेवाला आणि मागे कर्ण्यातून ओरडणारा माणूस. दर शुक्रवारी असा टांगा अकोल्याच्या रस्त्यांतून फिरे आणि दर शुक्रवारी चित्र नवं असे. आज नव्हतं. तीच डोळ्यांत पाणी आणलेली बाई, तोच मिशीवाला, कोपऱ्यात तोच उधळलेला घोडा. "पब्लिक के इसरार पर! दूसरा हफ्ता! दूसरा हफ्ता!" कर्णा ओरडला, ताशा वाजला आणि टांगा वळणावरून गेला. त्या घोड्याचं सिनेमात काय काम होतं हे जाईला माहीत नव्हतं. तिने तो सिनेमा पाहिलाच नव्हता. आणि सोमवारी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने तो या सगळ्या बायांना सांगितला होता. नुसता सांगितला नव्हता, त्यांना रडवलं होतं.

"ऐकलं का वं जाई?" शेजारी बसलेल्या केशरबाईने तिला कोपराने ढोसलं. केशर तिच्याच वस्तीतली, तोंडाने फटकळ, पण जाईचं पाणी भरून ठेवणारी. "राह्यला! तुहा शिनेमा गावात राह्यला! आता शेवट भेटते आपल्याले."

जाई हसली. हसताना तिला वाटलं, आपल्या तोंडात रुईचा बोळा कोंबलाय. जिनाच्या आत मशिनींचा एवढा धडधडाट की माणसाला स्वतःचं खोकणं ऐकू येत नाही. पण बाहेर पत्र्याच्या छपराखाली, जिथे गाड्यांतून उतरलेला कापूस पसरून बाया त्यातला पाला, काड्या आणि कवडी निवडत बसत, तिथे बोलता येई. आणि बोलायचं काय, तर सिनेमा. सगळ्यांनी पाहायला जायचं म्हटलं तर सगळ्यांची घरं पेटली असती. म्हणून पार्बताबाईने तोडगा काढला होता. पार्बताबाई माळ्याच्या घरची विधवा, वयाने सगळ्यांत मोठी. तिला सगळ्या पार्बतामाय म्हणत आणि तिचा शब्द छपराखाली शेवटचा. सगळ्यांनी मिळून एकीचं तिकीट काढायचं. तिने आइतवारी तीनच्या खेळाला जाऊन यायचं आणि सोमवारी बाकीच्यांना सांगायचं, गाण्यांसकट, मारामारीसकट, नटीच्या लुगड्यांच्या रंगासकट. घरोघरच्या नवऱ्यांनाही ते पटलं होतं. सिनेमाला जाते म्हटलं तर डोळे वटारणारा माणूस, 'आज माही बारी हाय' म्हटलं की गप्प बसे. बारी म्हणजे कामच की ते. जाईचा नवरा डोमाजी, मालधक्क्यावरचा हमाल, तोसुद्धा तिच्या बारीच्या आइतवारी स्वतःच ताट वाढून घेई आणि संध्याकाळी विचारी, "कसा होता शिनेमा?" त्याला ती मारामाऱ्या सांगे. त्याला तेवढंच लागे. भला माणूस होता बिचारा. हेच तर जाईला डाचत होतं. वाईट असता तर खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

कारण जाई आपल्या बारीच्या आइतवारी थिएटरच्या दारापर्यंत जाई, बाहेर विकायला ठेवलेली गाण्यांची चोपडी घेई, तट्ट्यावरची चित्रं डोळे भरून पाहून घेई आणि मग तिथूनच मागच्या गल्लीने मुलींच्या वसतिगृहाकडे वळे. आइतवारी दुपारी तिथे भेटायला येणाऱ्यांना सोडत. फाटकाशी चटई टाकलेली असे. चटईवर वेणू असे. वेणू तिची लेक होती, पण वेणूला ती फक्त मावशी होती, भातकुलीकडची, दूरच्या नात्यातली, चुरमुऱ्याचे लाडू आणणारी.

"मीच जातो," जाई एकदम म्हणाली. घाई झाली, तिलाच कळलं. "म्या बाकीचा पाह्यला हाय, शेवट मलेच बराबर समजन. शकुनले काय कळन?"

"वा वं!" पार्बताबाई म्हणाली. "एकीनंच दोनदा जायाचं तं बाकीच्यायनं काय सरकी खायाची? या आइतवारी शकुनची बारी हाय. शकुन जाईन, आख्खा पाहीन, अन् सोमवारी लाईट गेली तिथून पुढचं सांगन. झालं."

झालं. पार्बताबाईच्या तोंडून 'झालं' निघालं की पुढे कोणी बोलत नसे. शकुन ढिगाच्या पलीकडच्या अंगाला बसली होती, गेल्या साली लग्न होऊन आलेली, हडकुळी, मान खाली घालून निवडणारी. तिने वर पाहिलं नाही. नुसती "हो" म्हणाली. जाईचं दोन्हीकडून गेलं. एक तर आइतवार गेला. आणि दुसरं म्हणजे, शकुन आता तो सिनेमा खरोखर पाहील. त्यात वसतिगृह नसेल. त्यात चटई नसेल. त्यात मावशी होऊन येणारी माय नसेल, आणि त्या मायला पोरीने विचारलेला प्रश्न तर नसेलच नसेल. सोमवारी शकुन येऊन म्हणेल, बाई वं, ही जाई काय सांगत होती आपल्याले? मग कोणीतरी विचारेल, थिएटरात नव्हती तं व्हती कुठं? बाईमाणसाच्या बाबतीत हा प्रश्न एकदा निघाला की त्याला पाय फुटतात. तो संध्याकाळपर्यंत मालधक्क्यावर पोचला असता.

डोमाजीला वेणू माहीतच नव्हती. पाट लावताना जाईच्या भावाने त्याला सांगितलं होतं, मागचं काही नाही, लेकरू नाही, पाटी कोरी. जाई तेव्हा भावाच्या पाठीमागे उभी होती. तिने ऐकलं आणि काही बोलली नाही. काय बोलणार? भाऊ म्हणाला होता, लेकराचं नाव काढशील तर जन्मभर माझ्या दारात बसशील. आणि भावाच्या दारात बसून तिने पाहिलं होतं. वहिनी भाकर वाढताना ती ताटात ठेवत नसे, वरून टाकत असे. त्याच्या आधीचं तर तिला आठवतंही धड नाही. म्हणजे आठवतं ते भलतंच. देवमनने, पहिल्या नवऱ्याने, दुसरी बाई घरात आणली आणि एका संध्याकाळी जाईला दंडाला धरून बाहेर काढलं, हे तिला गोष्टीसारखं आठवतं. पण दाराला आतून कडी लागल्याचा आवाज तिच्या कानात अजून आहे, अस्साच्या अस्सा. आत वेणू झोपली होती, चिंध्यांच्या गोधडीवर, अंगठा तोंडात. जाई विहिरीच्या काठाशी बसून राहिली. पोरगी उठेल, रडेल, मग दार उघडावंच लागेल त्यांना, असा तिचा हिशेब होता. पोरगी उठलीच नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला आला आणि ती मोटारीत बसली. इथेच तिचं घोडं अडतं दरवेळी. काढलं तर त्यांनी. पण मोटारीत कोण बसलं? मोटारीच्या पायरीवर कोणी तिला ढकललं नव्हतं. पुढे देवमन गाव सोडून अमरावतीला कामाला लागला आणि तिथे पोरीला सांगितलं, तुझी माय पटकीनं मेली. हे जाईच्या कानावर आलं तेव्हा तिला राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं. चला, पटकीनं तर पटकीनं. निदान टाकून गेली असं तर नाही म्हणाला.

मग दोन वर्षांमागे अकोल्यात बुद्धजयंतीला मोठा मंडप पडला होता. वसतिगृहाच्या मुली पांढऱ्या लुगड्यांत गाणं म्हणायला उभ्या राहिल्या. जाई केशरबरोबर बायांच्या गर्दीत मागे बसली होती, जांभया देत. गाणं झाल्यावर शाळेत पहिल्या आलेल्या मुलींची नावं पुकारली. वेणू देवमन, मुक्काम भातकुलीजवळचं अमुक गाव. एक पोरगी पुढे आली, काळीसावळी, उंच, आणि बक्षीस घेताना तिने अंगठा तोंडाकडे नेला आणि लाजून मागे घेतला. एवढंच. जाईच्या अंगावर कोणीतरी घमेलंभर निखारे ओतले. "काय झालं वं?" केशर म्हणाली. "भोवळ आली," जाई म्हणाली. आणि तेव्हापासून तिच्या बारीचे आइतवार थिएटरच्या मागच्या गल्लीने जाऊ लागले.

चोपडी वेणूच वाचून दाखवी. जाईला अक्षर येत नव्हतं. पहिल्या पानावर थोडक्यात गोष्ट, मग गाणी, आणि गोष्टीच्या शेवटी नेहमी तेच लिहिलेलं: आगे क्या हुआ, यह परदे पर देखिए. "म्हंजे शेवट सांगतच नाईत, मावशी," वेणू म्हणे, "लबाड हायेत." मग शेवट त्या दोघी मिळून लावत. खरं तर वेणूच लावी. वेणूच्या शेवटात कोणी मरत नसे. खलनायकसुद्धा शेवटी कुठेतरी नोकरीला लागे. सोमवारी जाई तो शेवट छपराखाली सांगे तेव्हा पार्बताबाईची कुरकूर असे. "आजकालचे शिनेमे पानचट झाले बाई. कोनी मरतच नाई. पहिले कसं, शेवटाले दोनतीन मुडदे पडत, मन हलकं होत जाय." केशर म्हणे, "तुमाले मुडदे लागतात पार्बतामाय, मले गाने लागतात. अन् हे नवी नटी मले नाई आवडत. रडताना नाक फुगवते." जाई त्या वेळी कापूस निवडत ऐके, आणि तिला इतका आनंद होई की निवडलेलाच कापूस ती पुन्हा निवडे. तिच्या लेकीने बनवलेल्या गोष्टीवर या बाया भांडत होत्या. लेकीचं नाव घेता येत नव्हतं, पण लेकीचं बोलणं दिवसभर या ढिगाभोवती फिरत होतं.

गेल्या आइतवारी मात्र वेणूने चोपडी उघडलीच नाही. ती गुंडाळून मांडीवर धरून बसली होती. "मावशी, हे परीक्षा झाली का मले नेतात," ती म्हणाली. "बाबानं तेल्हाऱ्याले पाहून ठेवलं. सोयरीक पक्की झाली. पुढच्या आइतवारी दिवस बुडता बाबा येतात न्याले." जाईने विचारलं, पोरगा कसा हाय? "मले काय ठाव," वेणू म्हणाली, "शेती हाय म्हनतात." मग ती जराशाने म्हणाली, अगदी चोपडीतला एखादा शब्द अडला म्हणून विचारावं तसं, "मावशी, माही माय कशानं मेली? बाबा म्हनतात पटकीनं. आजी एकदा म्हने, विहिरीत पडली. दोन्ही कसं होईन? तू तिकडचीच हायेस. तुले ठाव असन." आतून घंटा झाली. वसतिगृहाच्या बाई फाटकाशी आल्या. "पुढच्या खेपेले सांगतो," जाई म्हणाली. "पुढच्या आइतवारी? नक्की?" वेणूने विचारलं. "मी जाच्या पहिले?" आणि जाईने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "नक्की." तिची बारी पुढच्या आइतवारी नव्हती हे तिला रस्त्यात आठवलं.

आणि सोमवारी तिच्याकडे सिनेमा नव्हता. चोपडी वाचलेली नव्हती, शेवट लावलेला नव्हता. बाया पदर खोचून तयार होऊन बसलेल्या. "सांग वं." काय सांगणार? तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि तिने तीच सांगायला सुरुवात केली. एक बाई होती. तिचा नवरा असा होता. तिने एक दिवस पोरगी टाकली आणि ती मोटारीत बसून गेली. जाईने 'काढलं' म्हटलं नाही, 'टाकली' म्हटलं. तसं का म्हटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित तिला पाहायचं होतं, या काय म्हणतात. मग पोरगी मोठी झाली, शिकायला शहरात आली, आणि ती बाई मावशी होऊन तिला भेटू लागली. मधे तिने दोन गाणी घातली, एक मारामारी घातली. बाया डोळे पुसू लागल्या. आणि मग पोरीने विचारलं, माझी माय कशानं मेली? इथे जाई थांबली. "अन् मंग?" पार्बताबाई म्हणाली. "मंग लाईट गेली," जाई म्हणाली. "थेटरातली लाईट गेली. लोकायनं शिट्ट्या मारल्या, बोंबलले, पन आलीच नाई. आमाले बाहीर काढलं."

मग काय विचारता. आठवडाभर छपराखाली दुसरा विषय नव्हता. "म्या असती," केशर म्हणाली, "तं त्या नवऱ्याच्या टाळक्यात मुसळ घातलं असतं अन् पोरीले काखेत मारून निघाली असती. हे बाई रडतच काहून बसली?" जाई म्हणाली, "पोरगी झोपली व्हती. दार लावेल होतं." "मंग दार तोडाचं!" केशर म्हणाली. खरंच की. दार तोडायचं. जाईला हे कधी सुचलंच नव्हतं. पार्बताबाईचं मत वेगळं. "पोरगी टाकून गेली थे माय कशाची? तिनं आता कितीबी लाडू आनले तरी काय व्हते? असल्या बाईले शेवटाले मारलंच पाहिजे. पोरीले वाचोता वाचोता मेली तं लय चांगलं. न्हाई तं पाहनाऱ्याच्या जिवाले शांती कशी भेटन?" रोज दुपारी भाकर सोडताना जाई मनात म्हणे, आता ह्या म्हणतील, तिनं सांगून टाकावं. कोणी म्हणेना. त्या बाईने मरावं कसं, यावरच सगळ्यांचं डोकं चाललेलं. एकदा शकुन हळूच बोलली होती, "पाहाले येते तं हाय ना थे. येनं काई कमी असते का?" पण तिचं कोणी ऐकलं नाही. शकुनला सिनेमातलं कळत नाही असं छपराखाली ठरलेलं होतं. तिच्या बारीला ती येऊन दोन वाक्यांत आटपे, "चांगला होता, गाने चांगले होते," आणि केशर तिला चिडवी, "तिकीट आमचं अन् झोपा तुह्या."

मधेच मुकादम खुशालराव वजनाला आला होता तर उभा राहून ऐकू लागला. "कोनता शिनेमा म्हनता? घोडेवाला? अवो, थो तं म्या परवा पाह्यला. त्यात कोठची आली पोरगी? त्यात तं डाकू हाय." जाईने मान खाली घालून पाला वेचायला घेतला. पण बाया खो खो हसल्या. "तुमी असान मव्हाची मारून बसेल," केशर म्हणाली, "तुमाले डाकूच दिसनार." खुशालराव चिडून गेला. त्या दिवशी जाई वाचली. पण शकुन काही मव्हाची दारू पीत नव्हती.

शनिवारी हजेरीच्या वेळी जाईने शकुनला नळाशी गाठलं. "शकुन, तुही बारी मले दे वं. तुह्यासाठी माह्या दोन बाऱ्या सोडतो, बोलीनं सांगतो. येवढा येकच आइतवार." शकुनने ओंजळीतलं पाणी खाली सोडलं. एरवी कोणालाही कशालाही हो म्हणणारी ती पोरगी, पण तिचा चेहरा एकदम मिटला. "नाई जाईबाई. दुसरा कोनताबी घ्या. हा नाई देत." "काहून पन?" "नाई देत म्हनलं ना." आणि ती निघून गेली. जाईला तिचा असा संताप आला! सिनेमाचं एवढं वेड या टिचभर बाईला? जिथे माझी लेक फाटकाशी बसणार आहे तिथे हिला पडदा पाहायचा आहे. झोपायला जाते मेली तिथं. जाई रस्ताभर तिला शिव्या घालत घरी गेली, आणि घरात शिरताना गप्प झाली, कारण डोमाजी ओट्यावर बसून तिच्या तुटलेल्या वहाणेला टाके मारत होता.

आइतवारी डोमाजीने सुके बोंबील आणले. "आज तुही बारी नाई, बरं झालं," तो म्हणाला, "घरात मानूस असलं का बरं वाटते." जाईने बोंबील भाजले, भाकरी केल्या, भांडी घासली. घरात घड्याळ नव्हतं, पण दारातली सावली कुठवर आली की भेटायची वेळ होते हे तिला पाठ होतं. सावली तिथे आली. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं आणि नेसली. डोमाजीने बाजेवरून मान वळवली. "कुठं?" एवढंच विचारलं त्याने, काही संशय नव्हता, सहज. दळणाला म्हणावं तर आइतवारी चक्की बंद. केशरकडे म्हणावं तर केशर दारातच बसलेली, तिच्या डोक्यातल्या उवा तिची सासू काढत होती. खरं सांगावं, असंही एकदा आलं मनात. मला एक लेक आहे, ती आज जाते, मला तिला एक सांगायचं आहे. हे घर, हा ओटा, वहाणेला टाके मारणारा हा माणूस, सगळं एका वाक्यात बाहेर फेकलं गेलं असतं, आणि या वेळी तर तिला मोटारीत बसवायला भाऊही राहिला नव्हता. "कुठंच नाई," जाई म्हणाली. "लुगड्याले कसर लागली का पाहून राहिली." तिने लुगडं सोडलं, घडी घातली, पेटीत ठेवलं. मग डाळ निवडायला बसली. सावली दाराबाहेर गेली, मग ओट्याखाली उतरली. जाई तीच डाळ पुन्हा पुन्हा निवडत होती. डोमाजी म्हणाला, "किती खडे हायेत वं त्या डाळीत?"

सोमवारी शकुन उशिरा आली. डोळे सुजलेले. खुशालराव ओरडला, तिने ऐकून घेतलं आणि ढिगाला वळसा घालून नेमकी जाईच्याच शेजारी येऊन बसली, कारण जागा तिथेच होती. जाईने मान वर केली नाही. आता ही तोंड उघडेल. आता म्हणेल, डाकू होता. म्हण बाई. सांगून टाक. काल रात्रीपासून जाईला खरोखर काहीच वाटेनासं झालं होतं.

"सांग वं शकुन," पार्बताबाई म्हणाली. "लाईट गेली तिथून पुढं."

शकुनने पुढ्यात कापूस ओढला. "पोरगी इचारते ना," ती म्हणाली, "माही माय कशानं मेली म्हनून. तं मावशी म्हनते, पुढच्या खेपेले सांगतो."

जाईचा हात थांबला. हे कुठल्या पडद्यावर होतं? हे तर तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. लाईट त्याच्या आधीच गेली होती. मग तिच्या ध्यानात आलं, की दुसरं काय म्हणणार? आयत्या वेळी सांगता आलं नाही की माणूस असंच म्हणतो, पुढच्या खेपेला. आणि तेवढ्यात शकुनच्या लुगड्याचा वास तिच्या नाकात गेला. फिनाइलचा. सरकारी दवाखान्याचा वास. शकुनचा थोरला भाऊ क्षयाच्या वॉर्डात पडून आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रोग घरात येईल म्हणून सासरच्यांनी तिला तिकडे फिरकायची बंदी केली आहे हेही. जाईने हळूच तिच्याकडे पाहिलं. शकुन थिएटरात गेलीच नव्हती. कालही नाही, कधीच नाही. चांगला होता, गाणे चांगले होते.

"अन् मंग?" केशर म्हणाली. "अन् त्या घोड्याचं काय झालं?"

शकुन गडबडली. "घोडा..." ती म्हणाली, आणि तिने जाईकडे पाहिलं. त्या डोळ्यांत जी भीती होती ती जाईला चांगली ओळखीची होती. जाई एक शब्द बोलली असती तर शकुन संपली असती. आणि पाठोपाठ ती स्वतः.

"घोडा पहिलेच मेला," जाई म्हणाली. "म्या सांगतलं नव्हतं का? तू पुढचं सांग शकुन."

"मंग पुढचा आइतवार येते," शकुन म्हणाली. "पोरगी वेनी घालते. चांगलं पोलकं घालते. फाटकापाशी येऊन बसते, चटईवर. एकएक जन येते, आपापल्या मानसाले भेटते, जाते. हे बसूनच. मावशी येतच नाई."

"येत नाई म्हंजे?" केशर म्हणाली. "काहून नाई येत?"

"थे दाखवत नाई."

"पोरगी कितीक वेळ बसते?" हे जाईने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, ते निघालंच.

"अंधार पडेपर्यंत," शकुन म्हणाली. "तिच्या हातात काईतरी असते, थे उघडते, मिटते. रस्त्याकडं पाहाते. मंग आतून कोनी हाक मारते. थे उठते, चटई झटकते, जाते. मंग लाईट लागते, अन् लोकं उठतात." आणि ती पदर तोंडात कोंबून रडू लागली. काल दवाखान्यात खाट भरलेली होती की रिकामी, कोण कोणासाठी किती वेळ बसलं होतं, हे जाईला कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. बाकीच्यांना वाटलं, सिनेमाच तसा असेल. त्याही रडल्या.

पार्बताबाईला मात्र ते पटेना. ती नाक शिंकरत म्हणाली, "हा काय शेवट झाला? पोरीले तसंच बसवलं. मी सांगतो, थे बाई येता येता रस्त्यात मेली असन. टांग्याखाली आली असन न्हाई तं काय. शिनेमावाल्यानं दाखवलं नाई, येवढंच. जिती असती तं आलीच असती. पोरीनं येवढं इचारल्यावर माय येनार नाई, असं कुठं होते का?" तिने जाईकडे वळून पाहिलं. "तू तं लाईट जाईपर्यंत पाह्यला वं. तुले काय वाटते?"

"हो," जाई म्हणाली. "मेलीच असन."

पार्बताबाईचं समाधान झालं. केशरने डोळे पुसले आणि विचारलं, पुढच्या आइतवारी कोणाची बारी आहे. जाईने पुढ्यातला निवडलेला कापूस टोपल्यात भरला आणि ढिगातला नवा ओढून घेतला.